उलट्या मिनारांचा रुपया

ज्या रुपयावर एके काळी भूमच्या बाजारात कुणी मूठभर फुटाणेसुद्धा दिले नव्हते, तो बघायला अप्पांच्या घरी त्या दिवशी सकाळपासून माणसं जमायला लागली. माणसं म्हणजे घरचीच. पण ईटच्या या घरात घरची माणसं एका वेळी सापडायची म्हणजे एक तर लग्न लागतं किंवा कुणीतरी जावं लागतं, आणि तसं काहीच नव्हतं. थोरला मुलगा उत्तरेश्वर भूमच्या तहसिलीत कारकून. दिवाळीला रजा मिळत नाही म्हणून दरवर्षी हळहळणारा हा माणूस एका रुपयासाठी रजा टाकून आला, हे अप्पांनी ओसरीवरून बघितलं आणि पानाला चुना लावला. त्याच्यामागं त्याची बायको लीला ट्रंक घेऊन उतरली. आणि पार मुरुमहून गाड्या बदलत अप्पांची थोरली बहीण मल्लम्मा येऊन ठेपली. तिला तर कुणी निरोपही धाडला नव्हता.

"अक्का, तुला कुनी सांगितलं?" अप्पांनी विचारलं.

"यव्वा! डोळ्याला कमी दिसतं म्हनून कानाला ऐकू येत न्हाय व्हय रं धोंडू?" मल्लम्मा पायातल्या वहाणा झाडत म्हणाली. "तो रुपया माझ्या लग्नातल्या आहेराचा हाय. मी येनार न्हाय तर कोन येनार?"

अप्पांचं कानाचं नेमकं उलटं होतं. त्यांना हवं ते बारीक आवाजातही ऐकू यायचं आणि नको ते ओरडून सांगितलं तरी पोचायचं नाही. आहेराचं हे वाक्य पोचलं नाही.

रुपया निजामाचा, चांदीचा. एका बाजूला चारमिनार, निजामी राज्यातल्या सगळ्याच हाली रुपयांवर असायचा तसा. दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरं असायला हवी होती. तिथंही चारमिनारच होता, पण आत खचलेला आणि उलटा. अप्पांच्या बायकोनं, तुळजाबाईनं, तो बाजारात न बघता घेतला आणि मग तिच्याकडून तो कुणीच घेईना. वाणी घेईना, बांगडीवाला घेईना, आणि देवाच्या पेटीत खोटा पैसा टाकायला तिचं मन घेईना. वैतागून तिनं तो चुलीकडं फेकला, तो गार होत आलेल्या खव्याच्या गोळ्यावर जाऊन बसला. उचलून बघते तर खव्यावर चारमिनार उठलेला, चारही मिनार ताठ, आणि मधल्या कमानीत ते एक उर्दू अक्षर. अक्षर म्हणे निजामाच्या नावातलं पहिलं. घरातल्या बायकांना ते म्हशीच्या शिंगासारखं दिसलं, आणि ज्या घराचं सगळं म्हशीवर चालतं त्या घराला कमानीच्या दारात शिंग दिसणं शुभच वाटलं. सुतारानं बाभळीची मूठ करून दिली. तिच्या खाचेत रुपया नेमका बसायचा, आणि उलटी ठोकली की बाहेर पडायचा.

तेव्हापासून ईटचा पेढा म्हणजे मिनारांचा पेढा. पोलीस ॲक्शननंतर एका टोपीवाल्या पुढाऱ्यानं निजामाचे मिनार पेढ्यावर चालायचे नाहीत म्हणून दम भरला होता. सासू-सुनेनं बिचाऱ्यांनी काही दिवस बिनठशाचे पेढे बाजारात नेले आणि तसेच परत आणले. पुढं त्याच पुढाऱ्यानं मुलीच्या साखरपुड्याला मिनारवाले पेढे नेले, तेव्हा तो विषय संपला.

ती सून म्हणजे महादेवी, धाकट्या मुलाची बायको. धाकटा गेला त्या वर्षी तुळजाबाईनं ती मूठ सुनेच्या हातात दिली. "घे. शेताला मागनारे हायत, म्हशीला हायत, भांड्याकुंड्याला हायत. ह्याला कुनी मागनार न्हाय. ह्यो तुझा." म्हातारी मेली, आणि महादेवीनं त्या एका ठशावर भट्टी चालवली, पोरगी नीला बार्शीला शिकायला ठेवली, आणि या घरात कुणापुढं हात पसरला नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, भट्टीवरचा पत्रासुद्धा उत्तरेश्वरच्या नावानं घेतलेला. तिचं म्हणावं असं घरात तेवढंच होतं, खचलेल्या मिनारांचा एक रुपया.

मग महाराष्ट्र झाला, हाली नाणी कधीच गेली होती, नवे पैसेही रुळले, आणि तुळजापूरचे दत्तोपंत नावाचे एक निवृत्त मास्तर भूमच्या स्टँडवर गाडीची वाट बघत पेढा खायला बसले. अर्धा खाल्ल्यावर त्यांनी तो तोंडातून बाहेर काढला आणि चष्मा लावून बघितला. साधा रुपया खव्यावर दाबला तर मिनार आत जातील आणि अक्षर उलटं पडेल. इथं मिनार वर आलेले, अक्षर सुलटं! गाडी सोडून देऊन मास्तर स्टँडवर पेढेवालीचा पत्ता विचारत सुटले, आणि विचारत विचारत उत्तरेश्वरच्या बिऱ्हाडी पोचले. तिथं त्यांनी चहा घेतला, आणि मास्तरकीची सवय, अशी नाणी खरी कशी घडतात आणि खोटी कशी करतात हे सगळं समजावून सांगितलं. खरं असलं तर मोठी किंमत येते, हेही सांगितलं, आणि ईटला येऊन रुपया बघायचा दिवस ठरवला. दाराआड लीला बशीत बिस्किटं मांडत होती. सगळं ऐकेपर्यंत ती बिस्किटं बाहेर गेलीच नाहीत.

किंमत नव्हती तोवर रुपया महादेवीचा होता. किंमत येणार म्हटल्यावर तो घराण्याचा झाला.

"एकत्र कुटुंबाची मिळकत आहे, अप्पा," उत्तरेश्वर आल्या आल्या म्हणाला. "कायदा बघितला तर—"

"काय?" अप्पा म्हणाले.

"कायदा!"

"व्हय, कायदा लई वाढलाय. पाय धू." अप्पांनी पान तोंडात टाकलं. "रुपया महादेवीकडं हाय. ती इकते म्हनली तर इकायचा."

महादेवी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मला इकायचा न्हाय, अप्पा."

*

लीलाला चोर म्हणणं अन्याय होईल. निदान लीलाला तसं वाटत होतं.

ती नेणार होती तो रुपया, पण त्याच्या जागी दुसरा ठेवणार होती. हा विचार तिनं स्वतःच्या मनाला इतक्या वेळा समजावला होता की आता तिला आपण महादेवीवर उपकारच करतोय असं वाटू लागलं होतं. भूमच्या एका सोनाराकडून तिनं तो करून घेतला होता. मास्तरांनी सांगितलं तसाच: एका रुपयावर दुसरा ठेवून शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायचा. त्यासाठी तिनं माहेरच्या माळेतले स्वतःचे दोन रुपये मोडले होते, म्हणजे पदरमोडही झाली होती. आणि बेत तर असा होता की तिला स्वतःलाच त्याचं कौतुक वाटावं. मास्तर सगळ्यांसमोर खोटा रुपया बघतील, खोटा म्हणतील, आणि निघून जातील. आत्याबाईंचा आहेर, अप्पांचा निवाडा, सगळ्यावर पाणी. मग भूमला बिऱ्हाडी मास्तरांना सावकाश बोलावून खरा दाखवायचा. त्या पैशांतून उस्मानाबादला प्लॉट. बेत नवऱ्याला सांगितला तेव्हा त्याला आधी घाम फुटला आणि मग त्यानं प्लॉट कुठल्या बाजूला हे विचारलं.

"तू बस महादेवी, मी विसळते भांडी," लीला म्हणाली.

मल्लम्मा कोपऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं शेंग फोडायची थांबवली. "कोन? कोन विसळतंय?"

"मी, आत्याबाई. लीला."

"अय्यो शिवा," मल्लम्मा म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

सकाळचा घाणा ठसून झाला होता. परातीत मिनार ओळीनं उभे होते. दुसरा खवा गार व्हायला ठेवून महादेवी रेडकाला पाणी दाखवायला परसात गेली. लीलानं मूठ उचलली, पालथी करून पाटावर ठोकली, रुपया पडला. दुसरा बसवला. एवढं काम सोपं गेलं, पण पुढचं अवघड निघालं. खरा रुपया ठेवायचा कुठं? नऊवारीला ओचा असतो, कनवट असते; पाचवारी नेसणाऱ्या बाईनं चोरी करायची म्हटलं तर सोयच नाही. शेवटी तिनं तो पदराच्या टोकाला गाठीत बांधला आणि पदर डाव्या हातात घट्ट धरून उरलेली भांडी एका हातानं विसळली.

"हाताला काय झालं गं?" मल्लम्मानं विचारलं.

"वात आहे, आत्याबाई."

"सकाळच्याला नव्हता."

महादेवी आली, हात धुतले, मूठ तुपात टेकवली आणि पहिला पेढा ठसला. मग तो पेढा तिनं उचलला आणि दाराच्या उजेडात धरला. मिनार होते. पण कमानीत शिंग नव्हतं, नुसती चेपल्यासारखी खूण होती. तिनं तो पेढा फिरवून बघितला. मग लीलाच्या डाव्या हाताकडं बघितलं.

"खवा मऊ झाला की काय आज?" लीलानं विचारलं. आवाज जरा वरच्या पट्टीत गेला.

"व्हय जाऊबाई," महादेवी म्हणाली. "मऊच झालाय."

आणि तिनं दुसरी परात ओढली आणि उरलेले पेढे त्याच ठशानं ठसून टाकले, एकूण एक.

*

दत्तोपंत दुपारच्या गाडीनं आले. काळा कोट, छत्री, चष्म्याच्या घरात ठेवलेलं भिंग आणि तंबाखूच्या डबीएवढा तराजू. पाणी पिऊन झाल्यावर अप्पांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. "गुरुजी, लोक बरी नानी जमवतात. तुमी ही बिघडलेलीच का?"

"बरोबर नाणी सरकार सांभाळतं," दत्तोपंत म्हणाले. "चुकलेल्यांना कुणी नसतं हो."

मल्लम्माला मास्तर तिथंच आवडले.

महादेवीनं मूठ पाटावर ठोकून रुपया काढून दिला. मास्तरांनी तो नखावर वाजवला, तोलला, आणि भिंग लावून ओसरीच्या कडेला उजेडात जाऊन बसले. उत्तरेश्वर आढ्याकडं बघत होता. नापास होणार हे माहीत असलेल्या पोराचा बाप निकालाला जातो तसं त्यानं तोंड करून ठेवलं होतं.

"कसं असतं बघा," दत्तोपंत म्हणाले. "टांकसाळीत रुपया ठोकला की तो साच्यातून बाहेर पडायला पाहिजे. एखादा अडकून बसतो. वर पुढची चकती येते. तिच्या एका अंगावर साचा उठतो आणि दुसऱ्या अंगावर त्या अडकलेल्या रुपयाचा मिनार आत घुसतो. एकाच दणक्यात. त्यामुळं दोन्ही बाजू सारख्याच ताज्या. इथं बघा, खचलेली बाजू आहे, पण पाठीमागचे मिनार चेपून सपाट झालेत. हे शेगड्यात आवळलेलं काम आहे." त्यांनी रुपया पाटावर ठेवला. "खोटा आहे. वाईट वाटतं सांगायला."

"अरेरे!" लीला म्हणाली. जरा लवकर म्हणाली.

"माझा आहेर खोटा?" मल्लम्मा उसळली.

"राहू द्या आता," उत्तरेश्वरनं उसासा टाकला. "नशिबात नव्हतं. गुरुजींना उगाच त्रास झाला. पेढा घ्या गुरुजी. मी नाही घेत, डॉक्टरनं गोड बंद केलंय, बघायचंही नाही म्हणालेत."

मास्तर उठले नाहीत. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत भूमच्या स्टँडवरचा अर्धा पेढा होता, वाळून दगड झालेला.

"पण हा पेढा या रुपयाचा नाही," ते म्हणाले. "यात कमानीत ऐन आहे, निजामाच्या नावातलं पहिलं अक्षर. या रुपयात तो उठणारच नाही."

आता कुठं महादेवी दोन पराती घेऊन बाहेर आली आणि मास्तरांसमोर शेजारी शेजारी ठेवल्या.

उत्तरेश्वर कारकून होता. कचेरीतल्या कागदांच्या दोन मिसली शेजारी ठेवल्या की त्यातली कुठली अंगावर येणार हे त्याला वीस वर्षांच्या नोकरीत कळायला लागलं होतं. एका परातीत दारात शिंग. दुसऱ्या परातीत नाही. सकाळच्या घाण्याला रुपया खरा, दुपारच्या घाण्याला खोटा, आणि मधल्या वेळात स्वयंपाकघरात भांडी विसळायला कोण गेलं होतं हे आत्याबाई मुरुमपर्यंत सांगत जाईल. मास्तर पुडी पुन्हा बांधत होते. त्यांचं अजून लक्ष नव्हतं. उत्तरेश्वरनं दुसऱ्या परातीतला पेढा उचलला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. मग दोन एकदम.

"अरं," अप्पा म्हणाले, "डाक्तरनं बघायचंबी न्हाय म्हनलंय न्हवं?"

"प्रसाद... म्हणून," उत्तरेश्वर भरल्या तोंडानं म्हणाला.

"कुठल्या देवाचा?"

तो आता दोन्ही हातांनी खात होता. लीला डोळ्यांनी त्याला आवर म्हणत होती, पण त्याला वाटलं ती लवकर संपव म्हणतेय. डोळ्यांत पाणी आलं, कपाळावर घाम आला, आणि परातीचा तळ दिसायला लागला.

"भाऊजी, सावकाश," महादेवी पदर सावरत म्हणाली. "आत आनखी हायत. त्याच ठशाचे."

मल्लम्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. मास्तर एकदा परातींकडं आणि एकदा उत्तरेश्वरकडं बघत राहिले, आणि मग शिक्षकाला वर्गात कळतं तसं त्यांना सगळं कळलं.

*

अप्पा उठले. घरातली वस्तू घरातच हरवली की काय करायचं याची रीत तुळजाबाईच्या वेळेपासून ठरलेली होती. कुणावर बोट दाखवायचं नाही, कुणाच्या ट्रंका उघडायच्या नाहीत. माजघरात पिठीसाखरेची परात, वर धोतराचं पान झाकलेलं. प्रत्येकानं मूठ मिटून एकट्यानं आत जायचं, साखरेत मूठ उघडायची, आणि बाहेर यायचं. हात सगळ्यांचेच पांढरे.

"पावनेबी जातील," अप्पा म्हणाले. "मीबी जानार. घरात माणूस म्हनून हाय तो समदा."

दत्तोपंतांना आयुष्यात एवढा मान कुठं मिळाला नव्हता. ते छत्री ठेवून गंभीरपणे आत गेले आणि मनगटापर्यंत पांढरा हात घेऊन बाहेर आले. मल्लम्मा बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा बोटं चाटत होती.

लीलाची पाळी आली. माजघरात अंधूक होतं, साखरेचा वास होता. तिनं पदराची गाठ सोडायला घेतली आणि ती सुटेना. दिवसभर ओढून ओढून तिनंच ती घट्ट केली होती. बाहेर सगळे बसलेत, वेळ जातोय, वेळ लागला म्हणजेच कळलं. तिला प्लॉट दिसला, मग आत्याबाईंचं तोंड दिसलं, मग तोंडात पेढे कोंबणारा नवरा दिसला. दातानं गाठ सोडताना तिला पहिल्यांदाच खरोखर लाज वाटली. रुपया साखरेत गेला तेव्हा हात इतका हलका झाला की तिनं तो उगाच आणखी एकदा साखरेत बुडवला.

शेवटी महादेवीनं परात आणून सगळ्यांसमोर चाळणीनं साखर चाळली. चाळणीत रुपया राहिला. आणि रुपयाशेजारी एक चांदीचं कानकोरणं राहिलं.

"हे तर माझं!" लीला ओरडली. "नीलाच्या बारशात हरवलेलं!"

सगळ्यांनी मल्लम्माकडं बघितलं.

"काय बघता?" ती म्हणाली. "परात काय रोज रोज मांडता व्हय? सापडली सवड, टाकलं."

*

आता खरी गोष्ट उरली होती. अप्पांनी रुपया धोतराला पुसून मास्तरांच्या हातात दिला. "बघा गुरुजी. किंमत सांगा एकदा, म्हंजे सगळी मोकळी हुतील."

दत्तोपंतांनी भिंग लावलं. पाठीमागचे मिनार जसेच्या तसे. खचलेल्या बाजूला कमान, कमानीत ऐन, प्रत्येक मिनाराचा कळस. असा एक तरी डोळ्यांनी बघावा म्हणून ते हैदराबादपासून बार्शीपर्यंत हिंडले होते. या चाळ्यापायी लोकांनी त्यांना चाळ्या मास्तर म्हटलं होतं. तो हा. त्यांच्या तळहातावर, साखरेनं माखलेला.

त्यांनी मान वर केली. पोट धरून बसलेल्या उत्तरेश्वरनं पाट जरा पुढं ओढला होता. लीलाही पुढं वाकली होती, मघाची लाज आता कुठं दिसत नव्हती. मल्लम्मानं शेंगा बाजूला ठेवल्या होत्या. आणि दाराच्या चौकटीला टेकून महादेवी उभी होती, हातात ती बाभळीची मूठ, खाच रिकामी. तिला किमतीची उत्सुकता नव्हती. भीती होती.

"हा कशानं घासता?" मास्तरांनी विचारलं.

"चिंचेनं. राखेनं. रोज," ती म्हणाली.

"तिथंच गेलं सगळं." दत्तोपंतांनी भिंग मिटलं. "नाण्याची मूळ लकाकी असते, तिला हात लावायचा नसतो. ही तर घासून घासून पार गेली. वर तूप, खवा. आता याला जमवणारा कुणी हात लावणार नाही. किंमत म्हणाल तर शून्य. पेढ्याला ठसा म्हणून चांगला आहे."

"काहीच नाही?" लीलानं विचारलं.

"चांदीची जी येईल ती. तीही झिजलेली."

उत्तरेश्वरनं पाट मागं सरकवला. एवढ्या गोडावर हे ऐकून त्याला बरंच वाटलं असावं. "मग राहू द्या महादेवीकडंच," तो उदारपणे म्हणाला. "तिलाच लागतो तो."

"काय?" अप्पा म्हणाले.

"राहू द्या म्हटलं! महादेवीकडं!"

"मला ऐकू येत न्हाय, बाबा. मोठ्यानं बोल. रुपया कुनाचा?"

"महादेवीचा!" उत्तरेश्वर ओरडला. रस्त्यानं चाललेल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं.

"अक्का, तू ऐकलंस?"

"शेजारच्या गावानं ऐकलं," मल्लम्मा म्हणाली. "माझा आहेरबी तिलाच. कशाला हवाय मला शून्याचा रुपया?"

अप्पांनी पानाचा डबा ओढला. त्यांनी मास्तरांकडं एकदाच बघितलं, आणि ते बघणं बहिऱ्या माणसाचं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीला महादेवी फाट्यापर्यंत गेली, पेढ्यांची पुडी द्यायला. गाडीची धूळ दिसायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. किती?"

दत्तोपंतांनी इकडं तिकडं बघितलं. "तुमची भट्टी, दोन्ही म्हशी, वरचा पत्रा," ते हळूच म्हणाले. "आणि मुलीचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण. एवढं येईल."

महादेवी बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मग खोटं का बोललात हो?"

"पेढा चांगला करता," मास्तर म्हणाले आणि गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी डोकं बाहेर काढलं. "पण चिंचेचं मात्र खरं होतं. घासू नका आता. गरम पाणी, मऊ फडकं, बास. विकायचं मनात आलं तर कळवा. मी जिवंत असेन तोवर वाट बघीन."

घरी येऊन महादेवीनं रात्रीच्या दुधाच्या आधी पाणी तापवलं. नीलाच्या जुन्या परकराचा मऊ तुकडा शोधला. रुपया कोमट पाण्यात धरून ती बोटानं हळूहळू मिनारांमधली साखर काढायला लागली, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तशी. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. मिनारांना कळस होते हेसुद्धा तिला आज दिसलं.

"बाई गं!" दारात लीला उभी होती. "शून्याच्या रुपयाचे एवढे लाड?"

महादेवीचा हात थांबला. लीलाची नजर रुपयावरून फडक्यावर गेली, फडक्यावरून कोमट पाण्यावर. तिच्या कपाळाला एक बारीक आठी पडायला लागली होती, आणि ती आठी कशी वाढत जाते हे महादेवीला चांगलं माहीत होतं.

"न्हाय वो जाऊबाई, साखर चिकटलीय नुसती," ती म्हणाली. तिनं फडकं बाजूला टाकलं. डबीतून चिंचेचा गोळा काढला, चुलीतली राख चिमटीत घेतली, आणि लीलाच्या डोळ्यांदेखत रुपया दगडावर धरून खसाखसा घासायला लागली. एक म्हैस गेली. पत्रा गेला. ती दात आवळून घासत राहिली, लीलाच्या कपाळावरची आठी जाईपर्यंत.

"जरा जोरानं घास, काळं राहिलंय," असं सांगून लीला झोपायला गेली.

महादेवीनं रुपया धुतला, खाचेत बसवला, मूठ तुपात टेकवली. खव्याचा गोळा वळून त्यावर ती जोरात दाबली आणि पेढा उचलून दिव्याच्या उजेडात धरला. दारात शिंग होतं.